दोन तासांचा पल्ला

सासूबाईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. डावी, पाठ, उजवी, की पुन्हा डावी. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक मालवणी 'खंय?', म्हणजे 'कुठे?', तेवढा शाबूत राहिला. भूक लागली तरी खंय, दुखलं तरी खंय, मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला तरी खंय. मी एका प्रसूतिगृहात नर्स होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी किती लवकर फाटते ते मला पाठ होतं. त्यामुळे नोकरी कुणी सोडायची यावर आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही. नर्स घरातच आहे म्हटल्यावर बोलायचं काय?

मुलगा नोकरीसाठी बडोद्याला होता, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. घाटकोपरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं उरलो. नवरा विक्रोळीला कंपनीत जायचा. मी आणि सासूबाई घरात. बाजारात गेले तरी भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझा अर्धा जीव घड्याळात. शेजारीण भली होती, दार उघडं ठेवून कान द्यायची, पण तिला कूस बदलता यायची नाही. ती सासूबाईंना हात लावायलाच घाबरायची, मोडतील म्हणून.

याच सुमारास आमच्या बिल्डिंगीतल्या पुरुषांना कन्याकुमारीचं वेड लागलं. सुरुवात टाइमकीपरने केली. तळमजल्यावर राहायचा, मालवणकडचा, आयुष्यभर गिरणीत लोकांच्या येण्याजाण्याची वेळ बघत बसलेला. संपानंतर गिरणी उघडलीच नाही आणि हा माणूस बनियनवर गॅलरीत उभा राहून, बिल्डिंगीतलं कोण किती वाजता बाहेर पडलं ते सांगायला लागला. बायको वैतागली. मग एक दिवस त्याने माळ्यावरची सायकल खाली काढली, तेलपाणी केलं आणि जाहीर केलं की आपण सायकलने कन्याकुमारीला जाणार. साठीला आलेला माणूस. लोक हसले. पण महिन्याभरात त्याने तिघांना गळाला लावलं. एक रिटायर झालेला बसकंडक्टर, तो सोलापूरकडचा. दुसरे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. आणि तिसरा माझा नवरा. त्याची पुष्कळ रजा साठली होती.

पहिली बैठक टाइमकीपरच्या घरी झाली. मी त्याच्या बायकोला कांदेपोहे करायला मदत करत होते. बाहेरच्या खोलीत चौघं पाय पसरून बसलेले. आज कच्ची वाटाघाट नको, पक्कं काय ते बोला, असं म्हणून टाइमकीपर एकेक बोट दुमडत एकेकाला विचारायला लागला.

"बोल रे, येतोस?"

"येतो," कंडक्टर म्हणाला.

"सर?"

"येतो की."

"तू?"

"येतो," माझा नवरा म्हणाला.

माझे दोन तास भरत आले होते. मी पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि दारातून नेहमीसारखं म्हटलं, "बरं, येते मी."

टाइमकीपरने अंगठाही दुमडला. "पाच! वयनी येतत!"

जो काही हशा उसळला! "लेडीज सीट राखीव ठेवा रे," कंडक्टर ओरडला, "आणि म्हाताऱ्यांनो, पुढे चला, पुढे चला!" सर मांडीवर थाप मारत होते. सगळ्यांत मोठ्याने माझा नवरा हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, हे लहानपणीच आईने डोक्यात ठोकून बसवलेलं. जन्मात कधी कुणाला 'जाते' म्हटलं नव्हतं. आता काय, 'अहो, मी आपली निघते म्हणाले' एवढं सांगायचं, की संपलं. मी तेच सांगायला तोंड उघडलं. पण नवरा अजून हसत होता. त्याचं ते हसणं मला जरा जास्तच लांबलेलं वाटलं.

"सायकल कुणाची मिळेल?" मी विचारलं.

हसणं थांबलं. सर म्हणाले, "आमच्या मुलीची आहे. लग्न झाल्यापासून जिन्याखाली पडून आहे."

"ब्रेक लागतात?"

"लावून घेऊ."

"मग ठीक," मी म्हटलं आणि वर जाऊन सासूबाईंना उजव्या कुशीवर केलं.

सायकल मला नवी नव्हती. पहिली नोकरी रत्नागिरीकडे होती. खेड्यापाड्यांत बाळंतपणांना जायला दवाखान्याने एक सायकल दिली होती. चढावर ढकलत आणि उतारावर जीव मुठीत धरून मी दोन वर्षं ती वापरली. त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती, पण पाय विसरत नाहीत. साडी मात्र चेनमध्ये पहिल्याच दिवशी अडकली. मग मी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस उसवून, बाजूला पट्ट्या लावून अंगाला बसवला. तो घालून खाली उतरले तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं बाई, कोण ते म्हटलं! अंगात आलंय की काय गं तुझ्या?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही, त्या तशाही फक्त स्वतःच्या पोटाविषयी बोलत.

सकाळी उजाडताना सासूबाईंची कूस बदलायची आणि निघायचं. चेंबूर नाका, गोवंडी, देवनार, मानखुर्द आणि मग खाडीचा पूल. देवनारला बकऱ्यांनी भरलेले ट्रक उभे असायचे, वर घारी फिरत असायच्या, आणि कचऱ्याच्या डोंगरावरून धूर यायचा. सर नाकाला रुमाल बांधायचे. कंडक्टर म्हणायचा, "सर, श्वास घ्या हो. तुम्हीच प्राणायाम शिकवायचात ना पोरांना?" मानखुर्द मागे पडलं की वास जाई आणि खारा वारा लागे.

पुलाच्या तोंडाशी माझा एक तास संपायचा.

पुरुष पूल ओलांडून पुढे जायचे, बेलापूर, सुटीच्या दिवशी पनवेलपर्यंत. मी पुलाच्या तोंडाशी पाय टेकायची, पाणी प्यायची आणि सायकल वळवायची. पाठीमागून कंडक्टरची हाक यायची, "वहिनी, शेवटचा स्टॉप!" परतीला वारा समोरून असे आणि उन्हं वर आलेली असत. ट्रकवाले हॉर्न मारून मान बाहेर काढून बघत. घरी येईपर्यंत पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. जिना चढून मी आधी सासूबाईंना वळवायची आणि मग पाणी प्यायची.

"खंय?" त्या विचारायच्या.

"देवनार," मी सांगायची. रोज तेच.

एका गोष्टीत मात्र त्या चौघांना माझी फार गरज पडली. सर हल्ली सायकल उभ्यानेच चालवायला लागले होते. चढ असो, उतार असो, बुड सीटला टेकवायचे नाहीत.

"सर, बसत का नाही?" मी विचारलं.

"सवय. मांड्यांना व्यायाम होतो."

"वहिनी, काही नाही," कंडक्टर म्हणाला, "सरांच्या मागच्या डब्याला आग लागली आहे."

सर लाल झाले. पण चौकशी केली तर आग चारही डब्यांना लागलेली. बायकोला सांगायची लाज, डॉक्टरकडे जायची त्याहून जास्त लाज. नवऱ्याने घरात पावडर लपवून ठेवली होती. मी म्हटलं, मी नर्स आहे, चाळीस वर्षांच्या माणसाचं बुड आणि साठ वर्षांच्या माणसाचं बुड यांत बघण्यासारखा काही फरक नसतो. मग त्यांना सांगितलं की जे आमच्या सासूबाईंचं, तेच तुमचं. एका जागी भार पडत राहिला की खालचं रक्त थांबतं आणि कातडी मरते. दर थोड्या वेळाने पायडलवर उभं राहायचं, भार काढायचा, पुन्हा बसायचं. आतली चड्डी शिवणीची नको. फोड फोडायचा नाही. औषध मी दिलं, नवऱ्याला स्वतः लावलं. पंधरवड्यात चौघं ताळ्यावर आले. तेव्हापासून टाइमकीपर सारखा म्हणायला लागला, "वयनी होयीच. वयनीशिवाय आम्ही काय कोल्हापूर गाठत नाय."

तोपर्यंत मी स्वतःशीच म्हणत होते की ही गंमत चालली आहे. त्यानंतर म्हणेना झाले. मला जायचं होतं. कन्याकुमारीला काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि त्याचं विशेष वेडही नव्हतं. सकाळी निघावं आणि त्याच दिवशी परत यावं लागू नये, एवढंच हवं होतं.

प्रश्न सासूबाईंचा. दिवसरात्र राहणारी बाई आम्ही शोधली होती. एक मिळाली, दुसऱ्या दिवशी आली नाही. दुसरी आली, तिने सासूबाईंना सकाळचा चहा नाकात पाजला, तिला मीच घालवलं. शेवटी बोरीवलीला माझी नणंद राहते, तिला विचारलं. आई तिचीच. तिची मुलं मोठी झालेली. ती लगेच हो म्हणाली. "जा गं तू. मी बघते महिनाभर. माझीच आई ना?" मी तिला वळवायचं कसं ते दाखवलं. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपल्याकडे ओढायचं, पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. तिने मान हलवली.

निघायच्या आधीच्या एका रविवारी तालीम ठरली. नणंद शनिवारीच आली आणि रविवारी मी पहिल्यांदा पूल ओलांडला. फार काही नव्हतं. खाली चिखल, मचवे, वाळूचे ढीग. पण मी पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचले तेव्हा कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. पनवेलला एसटी स्टँडसमोर आम्ही मिसळ खाल्ली. टाइमकीपर म्हणाला पाव शिळा आहे, आणि भांडून बदलून घेतला. मी दुसरा चहा मागवला. कुठे जायची घाई नसताना चहा कसा लागतो ते मी विसरून गेले होते.

घरी आले तर घर शांत. नणंद खुर्चीत विणत बसलेली. "अगदी गुणी वागली गं आई. दिवसभर गाढ झोपली."

"कुठल्या कुशीवर?"

"पाठीवरच. इतकी शांत झोपली होती, कशाला उठवायचं बिचारीला?"

मी चादर काढून पाहिलं. माकडहाडावर, तळहाताच्या खळग्याएवढा लाल चट्टा. बोट दाबून सोडलं. चांगली कातडी दाबली की पांढरी होते आणि सोडली की परत लाल. हा चट्टा पांढरा झालाच नाही. एका दिवसात एवढं. महिन्यात काय झालं असतं ते मी ट्रेनिंगमध्ये वॉर्डात पाहिलेलं आहे. त्याला हाड दिसेपर्यंत वाट बघावी लागत नाही, वासावरूनच कळतं.

नणंदेला मी रागावले नाही. तिने प्रेमानेच केलं होतं. पण झोपलेल्या आईला हलवायचं तिच्याने होणार नव्हतं, हे कितीही शिकवून बदललं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्याने बघितलं, खाली बसला, बूट काढले.

"मग तुझं रद्द," तो म्हणाला.

"एकाला राहावं लागेल."

"हो ना. वाईट झालं."

"तुम्ही का नाही राहत?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "मी? अगं, आईचं सगळं करायचं म्हणजे... बायकांचं असतं ते. तिलाच चालायचं नाही."

"विचारा तिला."

तो आईकडे वळला. "आये, मी रवलंय तर चलात?"

"खंय?" सासूबाई म्हणाल्या.

"बघ," तो म्हणाला.

काय बघ ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी मी वाद वाढवला नाही. त्याला शिकवायला वेळ नव्हता, आणि मनात नसलेल्या माणसाच्या हाती मी पेशंट देत नाही. टाइमकीपर वर येऊन बसला, डोकं खाजवलं, "तारीख फुडे ढकलूया," म्हणाला. मी म्हटलं, किती ढकलाल? सासूबाईंचं हृदय ठणठणीत होतं. तो म्हणाला, "गिरणी बंद पडली तेव्हा मला असंच वाटलेलं. कुणी काही केलेलं नाही, तरी दार बंद." मी त्याला चहा दिला.

निघायच्या सकाळी खाली मांडव घालायचा तेवढा बाकी होता. कापडी फलक, नारळ, हार, शेजारच्या शाळेचा बँड. चौघांना ओवाळायचं काम माझ्याकडे आलं. बायका म्हणाल्या, "मन मोठं हो तुमचं." मन मोठं नव्हतं. सासूबाईंच्या माकडहाडावरची कातडी पातळ होती, एवढंच. मी पंजाबी ड्रेस घालून त्यांच्याबरोबर पुलापर्यंत गेले. पुलाच्या तोंडाशी चौघं थांबले. नवरा म्हणाला, "सांभाळ." मी म्हटलं, "उभे राहत जा पायडलवर." ते पुढे गेले. कॅरिअरवरच्या बोजांमुळे चारही सायकली जरा डुलत होत्या. मी त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी राहिले नाही, कारण वेळ झाली होती.

त्या महिन्यात मी रोज जात राहिले. देवनार, मानखुर्द, पुलाचं तोंड, परत. शेजारीण म्हणाली, "आता कशाला गं जातेस? आता कुठे जायचंय तुला?" मी चेनला तेल सोडलं. एकटीने चालवताना रस्ता लांब वाटायचा आणि तरी नेमक्या त्याच ठिकाणी संपायचा. ट्रक तेच, घारी त्याच, चहाच्या टपरीवरचे लोक मला ओळखायला लागलेले, "मावशी, आज उशीर?" म्हणणारे. घरात कोंडलेली होते तेव्हा निदान रस्ता मोकळा आहे असं वाटायचं. आता रस्तासुद्धा खोलीसारखा झाला. भिंत कुठे आहे ते मला माहीत होतं, रोज जाऊन मी तिला हात लावून येत होते. सासूबाईंचा चट्टा मात्र आठवडाभरात गेला.

चौघं पोचले. रेल्वेने परत आले, काळे ठिक्कर, गालफडं बसलेली. पुन्हा हार, पुन्हा बँड. नवरा कितीतरी संध्याकाळी सांगत होता. हुबळीच्या पुढचा उतार, कुठल्याशा देवळात मिळालेला भात, सरांचं तुटलेलं चेनकव्हर. लोक येऊन ऐकायचे. मी पण ऐकलं, चांगलं सांगायचा तो. एकदा म्हणाला, "तू असतीस तर मजा आली असती."

लोक गेल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून तुम्ही आईला वळवायला शिकायचं."

"पुन्हा तेच?"

"तुमच्या बुडाला मी औषध लावलं की नाही? लाजेने मेलात?"

"ती वेगळी गोष्ट."

"कातडी तीच आहे."

तो चिडला, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या कॉटशी उभी राहून त्याला हाक मारली आणि तो आला. अंगावर चादर कशी ठेवायची म्हणजे उघडं पडत नाही, ते आधी दाखवलं. मग गुडघा, खांदा, कंबर. त्याने हात दोनदा पुसले. कन्याकुमारीपर्यंत हँडल धरलेले हात. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि त्या दिवशी 'खंय' म्हटलं नाही. मला वाटतं त्यांनाच जास्त जड गेलं. पण तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्या डोळे उघडे ठेवायला लागल्या. महिनाभर मी समोर उभी राहून करून घेतलं. मग एका रविवारी सकाळची कूस मी बदलली, पुढच्या त्याला सांगितल्या, आणि निघाले.

पूल ओलांडला, पनवेल मागे टाकलं, चौक गावापर्यंत गेले. एकटीच. रस्त्याकडेला कलिंगडं विकायला बसलेली एक बाई होती, तिने विचारलं कुठून आलात, कुठे निघालात. घाटकोपर सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर नव्हतं म्हणून अर्धं कलिंगड घेतलं आणि तिच्या शेजारी बसून खाल्लं. तिथून पुढे डोंगर दिसतात. चौघं त्यातला घाट सायकली ढकलत चढले होते, ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की वळणंसुद्धा पाठ होती. मला वेळ होता, पायांत जोरही होता. पण चढून गेले असते तर त्या दिवशी परत आले नसते. मी सायकल वळवली.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. नवरा कॉटजवळ स्टूलवर बसला होता, घड्याळ समोर ठेवून. घामाघूम. "सगळ्या वेळा पाळल्या," तो म्हणाला. मी पाय न धुताच चादर उचलून पाहिलं. कातडी चांगली होती. डावी कूस बरोबर होती. गुडघ्यांच्या मधली उशी मात्र घसरून घोट्यापाशी गेली होती.

मी ती वर घेतली आणि त्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी ही बघा."